चौथ्याचा नंबर

३ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट तिरकं करून जिन्यातून चढवताना भिंतीचा पोपडा काढला आणि वर मलाच सुनावलं, की कपाट घराच्या मापाने घ्यावं. घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरी एवढीशी की आई आणि मी एकदम उभ्या राहिलो तर एकीला श्वास रोखून धरावा लागेल. पण ऊन भरपूर येतं. ठमीने खिडकीखालची जागा स्वतःची म्हणून जाहीर करून टाकली. ठमी म्हणजे माझी लेक, इयत्ता दुसरी. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं आहे, पण ओ देते ती याच नावाला. तिचे बाबा जहाजावर असतात, फोन लागला तर लागला. त्यामुळे घरात राज्य आम्हा तिघी बायकांचं.

ऑफिस पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एक लांब खोली, मधोमध जेवायचं टेबल, आणि मला धरून चार जणांचा संसार. साहेब गोलमटोल आणि हसरे, दारापर्यंत घ्यायला आले. सोल्डरिंग करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणून टाकलं. चौथा एक इंजिनिअर, माझ्याच वयाचा, बाटलीच्या बुडाएवढ्या भिंगांचा. त्याने आपली ओळख 'चष्मिस' अशीच करून दिली. मला खिडकीजवळची जागा दिली आहे. नव्या माणसाला खोलीतली सगळ्यात चांगली जागा! नशीब काढलं म्हणायचं. खुर्चीसुद्धा कोरी, प्लॅस्टिकचं आवरण अजून निघालेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

आईने विचारलं, नक्की काम काय तुझं. मी म्हटलं, बसचे टायमर लावायचे. ती म्हणाली, एवढं शिकून शेवटी डेपोत लागलीस होय. ठमी हसून हसून लोळली.

मग मी दोघींना आमच्या बाथरूमचं उदाहरण दिलं. बाथरूम एक, माणसं तीन, आणि सकाळी सगळ्यांना घाई एकाच वेळी. आम्ही बनवतो त्या बोर्डावरच्या ग्राफिक्स चिपमध्ये हेच चालतं. मेमरी एक, तिच्याकडे जाणारा रस्ता एक. त्या रस्त्याला म्हणतात बस. मागणारे तीन: एक चित्र पडद्यावर ओतणारा, एक चित्र काढणारा, एक कॅमेऱ्यातून येणारं चित्र आत घेणारा. तिघंही सारखे हात वर करतात. मग मधे एक पंच बसवलेला असतो, तो एकेकाचा नंबर लावतो. आणि आत गेलेला तिथेच गाणी म्हणत बसू नये म्हणून प्रत्येकाला एक टायमर. वेळ संपली की बाहेर. तो टायमर कोणाला किती द्यायचा, हे ठरवायची मी.

आई म्हणाली, गाणी म्हणण्याचा टोमणा कळला मला. ठमीने विचारलं, एखाद्याचा नंबर लागलाच नाही तर? मी म्हटलं, तर तो उपाशी राहतो. आमच्या धंद्यात खरंच तसं म्हणतात.

ठमीला ते आवडलं नाही. तिचा स्वभावच तसा. घरात दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणारी एकटी तीच.

७ मार्च, शुक्रवार

बोर्डाचं दुखणं कळलं. मोठ्या पडद्यावर मधूनच एक काळी रेघ सळकन् धावते. चित्र ओतणाऱ्याला वेळेवर रस्ता मिळत नाही, म्हणून. गिऱ्हाइकं कुरकुरतायत, साहेब वरवर हसतात पण टाय सैल करत राहतात.

आज रस्त्यावरच्या हालचाली मोजायचं यंत्र लावलं. प्रत्येक मागणाऱ्याची एक रेघ: हात वर केला की रेघ वर, हात खाली की रेघ खाली. तिघांच्या तीन रेघा. पण चिपमध्ये जागा चौघांची आहे. चौथी मोकळी, तिला काहीच जोडलेलं नाही. आणि ती चौथी रेघ वर जात होती.

असं होतं कधीकधी. मोकळी तार आसपासचा गोंगाट उचलते. पण गोंगाट कसा, वेडावाकडा असतो. ही रेघ जरा वर जायची, लगेच खाली. पुन्हा वर, खाली. वर, खाली. मग एकदम वर जाऊन तिथेच थांबायची. दारावर टकटक करू की नको, असं कोणी घुटमळावं तसं. मी चष्मिसला गमतीने म्हटलं, तुमच्याकडे चौथा बराच लाजाळू दिसतो. तो हसला नाही. एरवी माझ्या टुकार विनोदांनाही हसतो.

१२ मार्च, बुधवार

चौथीची तार जमिनीला जोडली, म्हणजे गोंगाट उरायला नको. तरी हात वर. काकूंकडून तार मुळापासून कापून घेतली. तरी हात वर.

शेवटी वैतागले आणि म्हटलं, घे बाबा तुझा नंबर. संगणकावर चौथ्याच्या टायमरच्या चौकोनात आकडा भरला, चांगला मोठा, चौसष्ट.

आणि काळी रेघ गेली! दिवसभर पडदा डोळ्यांत तेल घालून बघितला, चित्र काचेसारखं. का, ते मला सांगता येत नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, कारण पुढच्या महिन्यात शोधा, आधी बोर्ड पाठवू या. सगळ्यांना चहा पाजला. चष्मिसने कप उचलला नाही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी आई चहा गाळत होती आणि शेजारच्या बाईंचं काहीतरी सांगत होती. बोलता बोलता थांबली. मला वाटलं, शब्द आठवत नसेल. पण चहा कपात पडतच राहिला. कप भरला, बशी भरली, ओट्यावरून ओघळ खाली आला. आईचे डोळे उघडे होते, बघत कुठेच नव्हते. मी हात धरला, तेवढ्यात ती पुढे बोलू लागली, त्याच वाक्यात, त्याच शब्दापासून. सांडलेला चहा बघून मलाच रागावली, की धक्का का दिलास.

वयाचं असेल. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१७ मार्च, सोमवार

आई एकटी नाही.

आज चष्मिस हसता हसता थांबला. तोंड तसंच उघडं, दात दिसतायत, आवाज नाही. मग उरलेलं हसून घेतलं. साहेब फोनवर बोलताना थांबले. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता, ते इथपर्यंत ऐकू येत होतं. साहेबांनी शांतपणे वाक्य पूर्ण केलं आणि फोन खराब आहे म्हणाले.

थांबलेल्याला आपण थांबलो हे कळत नाही.

आणखी एक. पुन्हा सुरू होताना प्रत्येकाच्या तोंडून आधी एक आवाज निघतो. त्यांच्या वाक्यातला नाही तो. नुसता 'द'. आईच्या तोंडूनही निघाला होता, मी लक्ष दिलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

हे लिहायलाही हात धजत नाही.

मी यंत्रावरच्या चौथ्या रेघेकडे बघत होते आणि समोर काकू बोर्ड पुसत होत्या. पंचाने चौथ्याला रस्ता दिला. काकूंचा हात थांबला. चौथ्याची वेळ संपली. काकूंचा हात पुढे सरकला. मला वाटलं, योगायोग. पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

चौसष्टचे बत्तीस केले. काकू निम्माच वेळ थांबल्या.

बत्तीसचे आठ केले. आता जेमतेम पापणी लवण्याएवढं. पण सारखं सारखं, लागोपाठ. माणूस चालताना दिसत नव्हता, एकेका चित्रातून पुढे सरकताना दिसत होता.

चिपच्या आतला रस्ता आणि आमचा इथला रस्ता, दोन्हीचा संबंध काय? मी इंजिनिअर आहे. संबंध नाही. नसायला हवा.

मी स्वतः किती वेळा थांबते, ते मला कोण सांगणार?

२० मार्च, गुरुवार

चौथ्याला शून्य दिलं. साहेबांना म्हटलं, काळी रेघ परत आली तर येऊ दे, मी दुसरा उपाय काढीन. त्यांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. मी ऐकलं नाही.

दिवसभर कोणी थांबलं नाही. घरी आई बाथरूममध्ये अख्खं गाणं म्हणाली, मधे न अडखळता. बाहेर उभी राहून ऐकलं आणि रडले.

फक्त एक गोष्ट. शून्य केल्यापासून चौथ्याची रेघ वर गेली आहे ती खाली आलेलीच नाही.

२२ मार्च, शनिवार

ठमी.

बाजारातून येत होतो. रस्ता ओलांडताना माझ्या हातातून तिचा हात सुटला. मागे वळून बघितलं तर ती रस्त्याच्या मधोमध उभी. एक पाय उचललेला. तोंड उघडं. मी ओरडले. एक गाडी वळणावरून येत होती, करकचून थांबली, ठमीच्या फ्रॉकला लागून. गाडीवाला शिव्या घालत उतरला आणि तिचा चेहरा बघून मागे सरकला.

ती थांबलेली नव्हती. अडकली होती. ओठ हलत होते. "द— द— द—"

मी तिला उचलून आणलं. सगळं अंग लाकडासारखं.

२३ मार्च, रविवार

आज ऑफिस बंद, बोर्ड बंद, मेन स्विचसुद्धा बंद. तरी ठमी सकाळभर अडकलेली. बंद असलं म्हणजे चौथ्याचा नंबर लागत नाही, एवढंच. शून्यासारखंच.

डॉक्टर म्हणाले, घर बदललं की मुलं अडखळतात कधीकधी. माझी ठमी कधीच अडखळली नव्हती. दुपारी सुटली तेव्हा मला म्हणाली, आई, तो काका खूप वेळ थांबलाय.

कोण काका, विचारलं. ती सांगायला लागली आणि पुन्हा—

२४ मार्च, सोमवार

काकूंना जिन्यात गाठलं. आता सांगितल्याशिवाय सोडत नाही म्हटलं. त्या पायरीवर बसल्या आणि बोलल्या. जसं सांगितलं तसं लिहिते.

माझ्या जागेवर आधी एक गृहस्थ होते. हे टायमर वर्षानुवर्षं तेच लावायचे. स्वभावाने देवमाणूस, पण बोलताना अडखळायचे. एकेका अक्षरावर अडकून बसायचे. ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं स्वल्पविराम. ते बोलायला लागले की बाकीचे वाक्य पुरं करून टाकायचे, नाहीतर विषय बदलायचे. मग कोणीतरी म्हणालं, हे बरं नाही, त्यांना अवघडल्यासारखं होतं. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलं, की ते अडकले की त्यांच्याकडे बघायचं नाही. खाली बघायचं, त्यांना वेळ द्यायचा. सभ्यपणा म्हणून.

एका दुपारी सगळे टेबलावर डबे उघडून बसले होते. ते आपल्या खुर्चीतून सगळ्यांकडे वळले आणि बोलायला लागले. "द— द— द—" सगळ्यांनी नेहमीसारख्या माना खाली घातल्या. ते थांबेनात. साहेबांना वाटलं, दार लावा म्हणतायत, वाऱ्याचा त्रास होत असेल. त्यांनी उठून दार लावलं आणि परत येऊन जेवायला बसले. साहेब सहलीची गंमत सांगत होते. स्वल्पविराम एकेकाकडे बघत होते. काकूंकडेही बघितलं. काकूंनी डब्यात बघितलं.

जेवण संपलं तेव्हा ते खुर्चीतच कलंडले होते.

मेंदूत रक्ताची गाठ. वेळेवर नेलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

"दवाखाना म्हणत होते गं ते," काकू म्हणाल्या. "अख्खं जेवण होईपर्यंत म्हणत होते. आणि आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो."

२५ मार्च, मंगळवार

ठमीला घास गिळता येत नाही. मधेच अडकते. आई चमच्याने पाणी घालते, ओठांतून बाहेर येतं. झोपेतही तिचे ओठ हलतात.

चौथ्याला पुन्हा आठ देऊ का? मग सगळेच थोडे थोडे थांबतील, तीही थांबेल. पण रस्त्यावर जीव जायला एवढं थांबणंही पुरे. जिन्यावर पुरे.

चौथा म्हणजे स्वल्पविरामच, आणि वेळ कमी पडला म्हणूनच तर झालं हे सगळं. त्यांना कोणी पुरता वेळ दिलाच नाही. दिला तो मान खाली घालून.

मी देते.

टायमरची मर्यादाच काढून टाकायची. आत जा, तुमचं सगळं बोलून होईपर्यंत बाहेर येऊ नका. फक्त माझ्या पोरीच्या तोंडाने नको. माझ्या तोंडाने बोला. मी समोर बसून ऐकते, एकूण एक अक्षर.

धोका कळतो मला. मर्यादा काढली की आत गेलेल्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून चष्मिसला शेजारी बसवणार आहे. मी अडकलेली दिसले की चौकोनात आठ भरायचे आणि बटण दाबायचं. एवढंच. त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तो म्हणाला, त्या दिवशी त्यानेही खाली बघितलं होतं. या वेळी नाही बघणार.

२६ मार्च, बुधवार

दुपार. साहेब आणि काकू बाहेर गेलेत, मीच पाठवलं. चष्मिस शेजारी आहे, त्याचा हात कीबोर्डजवळ. आई घरी ठमीजवळ बसली आहे, ठमी सुटली की फोन करणार आहे. जे होईल ते होत असतानाच लिहिते, म्हणजे तोंड अडकलं तरी हात सांगेल.

मर्यादा काढली.

पडदा काळा झाला. आता पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. फक्त चौथी रेघ. वर.

मी मोठ्याने म्हटलं, बोला, मी ऐकतेय. चष्मिसला हसू आलं नाही, मलाही नाही.

काही होत नाही.

डाव्या हाताला मुंग्या. गालालाही. दंतवैद्याकडे सुई टोचल्यासारखा गाल—

आला.

माझ्याच तोंडून येतंय. द. द. जीभ टाळूला चिकटते आणि सुटत नाही. दुखत नाही. घाई झाल्यासारखं वाटतंय, भयंकर घाई, छातीत सगळं बोलणं तयार आहे आणि दारातून एकही शब्द—

फोन वाजला. चष्मिसने घेतला. आईच. ठमी बोलली! पूर्ण बोलली, न थांबता, शाळेतली अख्खी कविता म्हणून दाखवली, भूक लागली म्हणाली. चष्मिसच्या डोळ्यांत पाणी आलंय. ठमी सुटली. सुटली माझी बाय.

बास. झालं काम. आता आठ भर.

तोंडाने म्हणता येत नाही. द. द. द.

त्याच्याकडे बघतेय. चष्मिस, आठ. बटण.

डावा हात गेला. खुर्चीवरून घसरतेय थोडी.

चौथा आता बोलून झाल्याशिवाय जाणार नाही आणि बोलून होणारच नाही. याच्यासाठी अजून तीच दुपार— सगळे जेवतायत— मला दिसतंय टेबल—

चष्मिसने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मला वाटलं आता.

त्याला वाटतंय सगळं ठीक झालं. ठमी बोलली, आता त्यांचं चाललंय, माझ्या तोंडून, होऊ दे पूर्ण— मधे तोडायचं नाही— त्याने हात कीबोर्डवरून काढला. मांडीवर ठेवला.

वही दाखवते त्याला. वही उचलवत नाही. पेन फक्त

चष्मिस इकडे बघ

त्याने मान खाली घातली. किती आदराने. बुटांकडे बघतोय

इकडे ब

द